हातमोजेवाल्याची मुलगी

नागपूरहून फिजिओथेरपिस्ट म्हणून कार्डिफला आले आणि एका घरातली वरची खोली भाड्याने घेतली. घरमालकीण ऐंशी ओलांडलेल्या. मनात मी त्यांना बाई म्हणायचे. खाली त्या, वर मी, आणि बोलणं काय ते कौन्सिलचा कचऱ्याचा बिन कधी बाहेर ठेवायचा एवढंच. आठवडेच्या आठवडे पेशंट सोडून कुणाशी मी चार वाक्यं बोललेली नसायचे. एका रविवारी जास्त झालेली खिचडी खाली नेऊन दिली. बाईंनी चमचाभर चाखली, "आजाऱ्याचं जेवण," म्हणाल्या आणि सगळी संपवली. त्यानंतर रविवारी आम्ही एकत्र जेवायला लागलो.

त्या जर्मनीतल्या ज्यू, हे हळूहळू कळलं. वडील हातमोजे बनवायचे. पुढे दुकान, मागे वर्कशॉप, हाताखाली तिघं कारागीर. नाझी आले तसे त्यांचे लोक दारात उभे राहून गिऱ्हाइकांना हटकायला लागले. जुनी गिऱ्हाइकं पलीकडच्या फुटपाथने जायला लागली. मग चामडं मिळेना. शेवटी दुकान विकायलाच लावलं, आणि ते घेतलं वडिलांनी स्वतः शिकवून तयार केलेल्या कारागिराने.

"तो दुष्ट नव्हता," बाई म्हणायच्या. "सह्यांच्या वेळी त्याने वडिलांना बसायला खुर्ची दिली. वडिलांचीच खुर्ची."

सोळाव्या वर्षी घरकामाचं परमिट मिळवून त्या एकट्या इकडे आल्या. आईवडिलांचा व्हिसा झालाच नाही. त्यांना आगगाडीत भरून पूर्वेकडच्या छावण्यांत नेलं, एवढंच युद्धानंतर समजलं.

एका हिवाळ्यात जर्मनीहून फोन आला. त्या कारागिराचा नातू भेटायला येऊ का म्हणून विचारत होता. बाईंनी मला विचारलं, "त्या दिवशी सुट्टी घेशील? मला एकटीला नको."

पंचेचाळिशीचा, सभ्य माणूस. तो जर्मनमध्ये बोलायला लागला तेव्हा बाईंनी थांबवलं, "इंग्लिश, प्लीज." आजोबांनी काय केलं ते फार उशिरा कळलं, असं सांगता सांगता तो रडायला लागला. बाईंनी टिश्यूचा बॉक्स पुढे सरकवला. मग त्याने बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेला एक लाकडी हात काढला. दुकानाच्या काचेत हातमोजा घालून ठेवतात तसला.

"माळ्यावर सापडला. तुमच्या वडिलांचा असणार."

बाईंनी तो मांडीवर घेतला. एकेका बोटावरून अंगठा फिरवला.

"नाही. हा आमचा नाही."

"नक्की?"

"आमचा वेगळा होता."

त्याने तो पुन्हा टॉवेलात गुंडाळला. मी त्याच्यासाठी टॅक्सी मागवली.

तो गेल्यावर कप विसळताना मी विचारलं, "खरंच तुमचा नव्हता?"

"आमचाच. करंगळीवर माझ्या दातांची खूण आहे. दात येत होते तेव्हा मी तो चावत बसायचे, आई सांगायची."

"मग घेतला का नाहीत?"

"घेतला असता तर घरी जाऊन तो म्हणाला असता, परत देऊन आलो. काय परत दिलं गं त्याने?"

मी कप पुसून ठेवले आणि वर गेले.

पण त्यानंतर बाई जेवेनाशा झाल्या. दोन रविवार ताट तसंच राहिलं. तिसऱ्या रविवारी म्हणाल्या, "रोज सकाळी दुकान उघडलं की वडील पहिल्यांदा त्याला मोजा घालायचे. त्यांनी हाताळलेली तेवढी एकच वस्तू उरली होती. आणि मी ती घालवली."

मी त्या नातवाला फोन लावला. त्याने तो हात त्यांच्या गावातल्या म्युझियमला देऊन टाकला होता. शेजारी कार्डही लागलं होतं: मालक अज्ञात.

"तो त्यांचाच होता," मी म्हटलं.

"मग त्या नाही का म्हणाल्या?"

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी आधी नको म्हणून मान हलवली, मग हात पुढे केला आणि फोन घेतला.

त्या जर्मनमध्ये बोलायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ती भाषा मी ऐकली नव्हती. आवाजच बदलला, पातळ झाला, भरभर यायला लागला. मला एक शब्द कळत नव्हता. मी सोफ्याच्या कडेला बसून होते, कुणाच्या तरी घरी चुकून शिरल्यासारखी. मध्येच बाईंनी स्वतःची करंगळी वर धरली आणि तिच्या पेरावर दुसरं बोट टेकवून दाखवलं, जणू पलीकडच्याला ते दिसत होतं.

फोन ठेवल्यावर त्या दमल्या होत्या. "कार्ड बदलतील म्हणाला," एवढंच बोलल्या.

"परत मागायचा?"

"नको. माझ्यानंतर इथे तो कुणाकडे जाणार? तिथे वडिलांचं नाव तरी लागेल."

पुढच्या वर्षी मला लंडनला नोकरी मिळाली आणि मी तिथल्या स्टॅनमोर भागात राहायला आले. निघताना बाई दारापर्यंत आल्या, नीट राहा म्हणाल्या. टॅक्सी वळेपर्यंत मी मागे बघत होते. त्या आत गेल्या नव्हत्या, पण हातही हलवत नव्हत्या.