कुणाच्याही जागी

“तिला काय विचारायचं, सर? ती कुणाच्याही जागी चालते.”

आमच्या टीमचा कॅप्टन सरांना सांगत होता. मी दाराआड बसून बुटांचे पट्टे लावत होते. तीन नंबरच्या मुलीचा पाय मुरगळला होता आणि स्पर्धा आठवड्यावर आली होती.

युनिव्हर्सिटीच्या आमच्या बॉलरूम नाचाच्या टीममध्ये आठ जोड्या, प्रत्येक जोडीला एक नंबर. सोळा जण एकाच तालावर रांगा, चौकोन, तिरक्या ओळी करत नाचतात. एक जोडी हातभर सरकली तरी सगळी आकृती वाकडी दिसते. मी सतरावी, राखीव. आठही मुलींचे रस्ते मला पाठ. कुणी आली नाही की मी तिच्या जागी. ती आली की मी परत भिंतीपाशी, जोडीदार असल्यासारखे हात वर धरून.

वर्षभरात मी आठही मुलांबरोबर नाचले. त्यांतल्या कुणी माझा चेहरा नीट पाहिला असेल असं वाटत नाही. वॉल्ट्झमध्ये एकमेकांकडे बघायचं नसतं, समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचं असतं. मला ते सोयीचंच होतं. मी खिडकीतून कळंबोलीकडे जाणारे ट्रक बघायचे. पाणी प्यायची सुट्टी झाली की सगळे गप्पा मारत जिना उतरायचे. मी बाटली घरूनच भरून न्यायचे. बोलावंसं वाटायचं, पण मी वाढले परदेशात; वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळायचं, ते मराठीत येईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

त्या दिवशी सरांनी मला तीन नंबरवर उभं केलं. तिथला मुलगा उरणचा, कोळ्यांच्या घरातला. तळहाताला दोरीचे घट्टे. सुरुवात छान झाली. मग रांग उलगडली आणि मी सरळ पाच नंबरच्या कोपऱ्यात गेले. आदल्या आठवड्यात मी पाच होते, पायांनी तेच धरून ठेवलेलं. पाच नंबरची मुलगी माझ्यावर आदळली. गाणं थांबलं.

“अगं, तिकडं नाय!” उरणचा ओरडला. “तू आज तीन हायस!”

“हिला नंबरप्लेट लावा रे,” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

कॅप्टन हसला नाही. “सर, मागच्या वर्षी तीन नंबरवर नाचणाऱ्या ताईला बोलवू या का? एका आठवड्याचा तर प्रश्न आहे.”

सरांनी खिशातून फोन काढला. मला कुणी जा म्हटलं नव्हतं, तरी मी भिंतीपाशी पोचले होते. ताई आली की स्पर्धेच्या दिवशी मी पिशव्या सांभाळत बसणार, हे उघड होतं.

वळून पाहिलं तर उरणचा अजून जागेवरच उभा होता. हात वर धरलेले, समोर कुणी नाही. मी रोज कशी दिसत असेन, ते मला तेव्हा दिसलं.

सर फोनमध्ये ताईचा नंबर शोधत होते. या वेळी मी वाक्य मनात जुळवत बसले नाही.

“सर, मला एकच जागा द्या. बाकीच्या सात मी विसरते.”