थोरल्या जाऊबाईंचा धबधबा

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी आयुष्यात कधी कुणाला रस्ता विचारला नाही. त्या रस्ता सांगायच्या. गाव ओळखीचं असो वा नसो, फाटा आला की त्यांचा उजवा हात आपोआप वर जायचा आणि बोट एका दिशेला ताठ व्हायचं. त्या दिशेला खरंच रस्ता आहे की कुणाचं उसाचं रान, हा प्रश्न त्यांच्या लेखी नंतरचा होता. एकदा तळेगाव ढमढेऱ्याला आमच्या नात्यातलं लग्न होतं. जीप त्यांच्या बोटावर चालली होती. मांडव दिसला, आम्ही उतरलो, फुलं टाकली, आहेर दिला, पोटभर बुंदी खाल्ली, आणि हात धुताना कुणीतरी नवरीचं नाव घेतलं तेव्हा समजलं की आपल्याकडचं लग्न ओढ्यापलीकडच्या वस्तीवर आहे. माझे दीर लाजेनं लाल झाले. जाऊबाई मात्र पदराला हात पुसत म्हणाल्या, "माणसं चांगली हायती. वळख न्हाई, पाळख न्हाई, तरी जेवाय घातलं न्हवं?" आणि पुन्हा बोट वर करून जीपमध्ये बसल्या.

मी त्यांना अक्का म्हणते. दौंडला रेल्वेलाइनच्या अलीकडे आमचं घर, चार खोल्यांचं, पत्र्याचं. दोघे भाऊ कुरकुंभच्या कारखान्यांत शिफ्टला, आणि अक्का यवतच्या बाजूला एका आरोग्य उपकेंद्रात नर्स. वस्त्यावस्त्यांवर चालत जाऊन पोरांना डोस पाजणं, बायकांची तपासणी करणं हे त्यांचं काम. पण कामाची वेळ संपली हे त्यांना कधी पटलंच नाही. समोर आलेल्या माणसाला "जीभ दाखव" म्हणायची त्यांना सवय होती. बँकेतल्या कॅशियरनं त्यांच्या सांगण्यावरून काचेपलीकडून जीभ दाखवलेली मी स्वतः पाहिली आहे. मला बघायला ही मंडळी माझ्या माहेरी आली, तेव्हाही तेच. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले. बाकीचे माझं शिक्षण विचारायच्या बेतात होते, तेवढ्यात पोलक्याच्या बाह्या कोपरापर्यंत असलेली एक काळीसावळी, उंच बाई पुढे झुकली आणि म्हणाली, "जीभ दाखव बघू." मी घाबरून दाखवली. माझे वडील उठून उभे राहिले. बाईंनी माझी खालची पापणीही ओढून पाहिली आणि सासूबाईंकडे वळून निकाल दिला, "रक्त कमी हाय. पर पोरगी झ्याक हाय. आपल्यात आली की पालेभाजी खाऊ घालू." माझं लग्न असं ठरलं.

त्या कधी बसून जेवत नसत. ओट्याला टेकून, एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात कसलातरी फॉर्म. चालण्याचा वेग असा की बरोबर चालणाऱ्याला सारखं मागून हाका मारत पळावं लागे. चपला त्यांना टिकत नसत म्हणून भाऊजींना कंपनीतून मिळालेले जुने सेफ्टी शूज त्यांनी ताब्यात घेतले होते. पांढऱ्या साडीखाली ते पुढून लोखंड घातलेले काळे बूट. पावसाळ्यात चिखलातून त्या येताना आधी आवाज यायचा, मग अक्का. सासूबाई म्हणायच्या, "अगं, लोक काय म्हणतील?" अक्का म्हणायच्या, "लोकांच्या पायात काटं मोडल्यावर माझ्याकडंच येत्यात."

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, सातव्या महिन्यात, माझं बाळ गेलं. मुलगी होती. दवाखान्यातून घरी आले त्या दिवसापासून सगळे माझ्याशी फार चांगलं वागत होते, आणि तेच सोसत नव्हतं. सासूबाई डोक्यावरून हात फिरवत म्हणायच्या, "रडू नगं गं, अंगावर जातंय. दुसरं हुईल." नवरा रात्रपाळी करून आला तरी माझ्यासाठी चहा ठेवायचा. मी रडायची थांबले. खरं म्हणजे रडायला जागाच नव्हती. पत्र्याच्या भिंतीपलीकडे कुणी कूस बदलली तरी अलीकडे ऐकू येई. बोलणंही आटत गेलं. हो, नाही, ठेवते, आणते, एवढंच. तीन महिने गेले. एकट्या अक्कांनी मला काहीही समजावलं नाही. जीभही दाखव म्हणाल्या नाहीत.

वर्षावासाचे, भर पावसाळ्याचे दिवस होते. रविवारी बुद्धविहारात वंदना झाली आणि बायका उठायच्या आत अक्कांनी दारात उभं राहून जाहीर केलं, "पुढच्या रविवारी धबधब्याला जायचं. भीमाशंकरच्या अलीकडं, रानात. मला ठावं हाय रस्ता. कोण कोण येतंय?" आमच्या गल्लीतल्या बायकांनी डोंगर पाहिला होता तो आगगाडीतून. तरी अक्कांना धरून दहा नावं झाली. शेजारच्या शमीमभाभी तर नुसतं ऐकून डबे काय न्यायचे ते ठरवायला लागल्या. अकरावं नाव अक्कांनी मला न विचारता माझं घातलं. घरी सासूबाईंनी हरकत घेतली. "पाणी बघाय एवढं लांब? हितं भीमा हाय की दाराशी."

"ती आडवी हाय," अक्का म्हणाल्या. "त्ये उभं हाय."

सासूबाई डब्यांची झाकणं शोधायला लागल्या.

पहाटे चारला एका जीपमध्ये अकरा जणी बसल्या. म्हणजे सहा बसल्या आणि पाच त्यांच्यावर बसल्या. वाटेत चार वेळा अक्कांचं बोट वर झालं; ड्रायव्हर जुना होता, त्यानं चारही वेळा "व्हय अक्का" म्हणून गाडी आपल्या मनानं नेली. डोंगरातली शेवटची वाडी आली, डांबर संपलं, आणि तिथून पुढे ड्रायव्हर नव्हता. होत्या फक्त अक्का.

आमच्याकडे झाड म्हणजे बाभळ. चार बाभळी एका जागी दिसल्या की आम्ही त्याला रान म्हणायचो. इथे पन्नास पावलांत आभाळ गेलं. जांभळीचे आणि हिरड्याचे बुंधे शेवाळानं हिरवेगार, डोक्यापेक्षा उंच कारवी, पायाखाली कुजलेल्या पानांचा गादीसारखा थर. पाऊस थांबला होता तरी झाडं गळत होती. "या अल्ला," शमीमभाभी म्हणाल्या, "हितं तर दिवसा बत्ती लावाय पायजे." पुढे अक्का, हातात छत्री, पायात ते बूट. मागे एकीचा पदर धरून दुसरी. पहिली जळू सुलाबाईंच्या पोटरीला लागली. सुलाबाई आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या, अंगानं भरलेल्या, दात घासायच्या मिश्रीशिवाय कुठे न जाणाऱ्या. त्यांनी जी किंकाळी फोडली तिनं माकडं पळाली. अक्कांनी शांतपणे त्यांच्याच कमरेची मिश्रीची डबी काढली, चिमूटभर जळवेवर दाबली, आणि जळू गळून पडली. त्यानंतर त्या डबीला मागणी एवढी वाढली की सुलाबाई सगळ्यांना ओरडायला लागल्या, "अगं बायांनो, माझ्या दातास्नी तर ठेवा!"

दीड तास झाला. धबधब्याचं नाव नाही. अक्कांचं बोट प्रत्येक फाट्याला वर होत होतं. मग शमीमभाभी एका आडव्या पडलेल्या झाडापाशी थांबल्या. त्यांनी खाली वाकून काहीतरी उचललं आणि सगळ्यांना दाखवलं. केळ्याची साल.

"हे माझं केळं हाय," त्या म्हणाल्या. "हितंच खाल्लं व्हतं. मघाशी."

तेवढ्यात धुकं उतरलं. खरंच उतरलं, वरून खाली, कुणी चादर टाकावी तसं, आणि दहा हातांवरची बाई दिसेना. सुलाबाई त्या झाडावर बसल्या आणि म्हणाल्या, आता मी उठत नाही. एकीला घरच्या तान्ह्याची आठवण झाली आणि ती मुसमुसू लागली. अक्का म्हणाल्या, "बसा जरा. मी बघून येते," आणि माझं मनगट धरून मला बाजूला, एका मोठ्या बुंध्याआड घेऊन गेल्या.

तिथे त्यांनी छत्री मिटली.

"ऐक," त्या म्हणाल्या, "मला न्हाई ठावं कुठं जायचं त्ये."

"पण तुम्ही आला होतात ना आधी?"

"न्हाई गं. ट्रेनिंगला माझ्याबरोबर एक सिस्टर हुती, ह्या भागातली. ती सांगायची, आमच्याकडं असा धबधबा हाय, तसा हाय. मी निस्तं ऐकलं हुतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एवढ्या बायकांची लेकरं घरी हायती. काय केलं गं मी हे?"

अक्कांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या उंच बाई त्या बुंध्याला टेकून अचानक लहान झाल्या होत्या. मला वाटलं, काहीतरी करायला हवं, आणि करणारी मीच आहे. मी धुक्याकडे तोंड केलं आणि हाक मारली. पहिली हाक घशातच फाटली. तीन महिने तो घसा मी वापरलाच नव्हता. दुसरी जरा बरी निघाली. तिसरी पोटातून आली, इतकी मोठी की मलाच दचकायला झालं. "ओऽऽ! कुणी हाय का?" मी थांबले नाही. हाकांमागून हाका मारत राहिले. किती वेळानं कोण जाणे, डावीकडून, खालून, एका माणसाचा आवाज आला, "हाय की! जागा सोडू नका!"

गुरं राखणारे एक म्हातारबाबा होते. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, हातात काठी, पाय अनवाणी. अकरा बायका पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "कुणीकडं निघालाव बाई?" त्यांनी साहजिकच वयानं मोठ्या दिसणाऱ्या अक्कांना विचारलं. अक्कांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"बाबा, आम्ही चुकलोय," मी म्हणाले. "धबधबा बघायचाय."

"मंग त्येच्या डोस्क्यावर उभ्या हायसा की तुम्ही. आवाज समदा खाली दरीत जातुया," ते म्हणाले.

त्यांनी आम्हाला कारवीतून आडवं उतरवलं. आधी पायाला जमीन हलल्यासारखी लागली, मग आवाज आला, आणि मग शेवटची फांदी बाजूला झाली तेव्हा ते समोर होतं. काळ्या कड्यावरून पांढरं पाणी, खरोखरच उभं. दुष्काळी मुलखातल्या बायका आम्ही. टँकरमागे कळश्या घेऊन धावलेल्या. एवढं पाणी असं उगाच, कुणीही न भरता, सांडताना पाहून दोघीतिघींनी आपोआप ओंजळी पुढे केल्या. मग शमीमभाभी साडीसकट पाण्यात शिरल्या आणि पाठोपाठ सगळ्या.

अक्कांनी मला त्यांच्यात जाऊ दिलं नाही. हाताला धरून त्या मला कड्याच्या अगदी जवळ घेऊन गेल्या, जिथे तुषारांनी डोळे उघडवत नव्हते आणि कानात दुसरं काही शिरत नव्हतं. त्यांनी माझ्या कानाला तोंड लावलं आणि ओरडून सांगितलं, "आता रड! हितं कुणालाबी ऐकू यायचं न्हाई!"

मी रडले. ते रडणं मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की मी माझ्या मुलीला मोठ्यानं हाक मारली, जे नाव मी मनात ठरवलं होतं आणि नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं त्या नावानं. अक्का माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या, दोन्ही हात पसरून, दारासारख्या. कुणी इकडे येऊ नये म्हणून.

नंतर खडकावर बसून त्या माझे केस पदरानं पुसत होत्या. बसून, हेही मी प्रथमच पाहत होते. मी विचारलं, "अक्का, रस्ता माहीत नव्हता तर कशाला आणलंत एवढं लांब?"

"दौंडात जागा कुठं हाय?" त्या म्हणाल्या. माझी एक बट त्यांनी पदरात पिळली. "माझं पैलं गेलं तवा मी लायनीकडं जायची. मालगाडी आली की तिच्या आवाजात रडून घ्यायची. पर गाडी काय, येती आन् जाती. माझं मधीच ऱ्हायाचं. मंग डोळं पुसून पुढच्या गाडीपत्तुर उभी. लोकास्नी वाटायचं, ही बाई गाड्या बघती." त्या जरा हसल्या. "तवाच म्हणलं हुतं, कवातरी न थांबणारं कायतरी पायजे."

त्यांचं पहिलं बाळ गेलं होतं हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, हा दुसरा, हे मला त्या खडकावर कळलं.

परतताना बाबांनी आम्हाला थेट जीपपर्यंत पोचवलं. अक्कांनी त्यांना जीभ दाखवायला लावली आणि पिशवीतून गोळ्या काढून दिल्या. सेफ्टी शूज काढले तेव्हा आतून सात जळवा निघाल्या. वाटेतल्या प्रत्येक फाट्याला त्यांचं बोट पुन्हा वर होत होतं. आम्ही सगळ्या जणी एका सुरात "व्हय अक्का" म्हणत होतो. घरी सासूबाईंनी माझे सुजलेले डोळे पाहिले, अक्कांकडे पाहिलं, आणि चहाचं आधण ठेवलं.

दोन वर्षांनी मला मुलगा झाला. अक्कांनीच त्याला पहिला डोस पाजला. आता त्या निवृत्त झाल्या आहेत. पुतण्याकडे कासुर्डीला असतात, गुडघे गेलेत, अंगणापलीकडे फारसं जाणं होत नाही. त्या दिवसाबद्दल मी त्यांचे कधी आभार मानले नाहीत. आमच्याकडे जावा जावांचे आभार मानत नाहीत, आणि मानायचे झाले तरी कुठल्या शब्दांत, ते मला अजून सुचलेलं नाही. महिन्यातून एकदा मी जाते. त्या उंबऱ्यात पाय पसरून बसतात, मी मागे पाटावर बसते आणि त्यांच्या केसांना तेल लावते. केस फार पातळ झालेत, खालचं डोकं हाताला लागतं, लहान पोराचं लागावं तसं. त्या डोळे मिटून घेतात. "बास की गं, किती लावशील," असं म्हणतात, पण डोकं बाजूला घेत नाहीत. मीही हात काढत नाही.