पन्हा तर एकच आहे!

प्रामाणिक माणसं मी पुष्कळ पाहिली, पण नुसत्या प्रामाणिकपणाने दुसऱ्याला रडकुंडीला आणणारा माणूस एकच: माझे मामेसासरे. बायकोचे हे मामा मूळचे नागपूरजवळच्या खाप्याच्या विणकर घरातले, आणि नागपुरात गांधीबागेत त्यांचं लुगड्यांचं दुकान. समोर काहीही आलं की आधी ते अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळायचं, मग त्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, मोजायचा, आणि मगच बोलायचं. धरमपेठेत आमच्या घरी नवा सोफा आला तेव्हा सगळे कौतुक करत होते. मामांनी पंधरा मिनिटं वाकून त्याचं कापड चोळलं, "धुतल्यावर आटन हे," असा निकाल दिला आणि खाली सतरंजीवर जाऊन बसले.

शहरात व्हिडिओ आला तेव्हा बीटाची छोटी कॅसेट चालणारं मशीन घ्यावं की व्हीएचएसची मोठी चालणारं, यावर या गृहस्थांनी अडीच वर्षं विचार केला. त्या अडीच वर्षांतले माझे निम्मे रविवार वाया गेले, कारण दुकानात जाताना त्यांना जावई बरोबर लागायचा. "छोटीचा पोत चांगला हाये जावईबापू, पण मोठीत ताका लांब येते," हे वाक्य मी झोपेतही म्हणू लागलो होतो. सीताबर्डीवरच्या एका दुकानदाराने आम्हाला लांबून येताना पाहून जेवायची सुट्टी जाहीर केली. सकाळचे साडेदहा वाजले होते! शेवटी मामांनी काहीच घेतलं नाही. घाईत घेतलेली वस्तू टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. मुलीची आई लवकर गेलेली. तिला लहानाचं मोठं केलं ते खाप्याच्या आत्याने, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीने. ही आत्या लग्नाच्या आठ दिवस आधी पायरीवरून घसरली आणि कमरेचं हाड मोडून खाटेला खिळली. मामा भेटायला गेले तेव्हा तिने एवढंच मागितलं, "लग्न मले दाखवजो गा."

लग्नाची फीत निघाली ती छोट्या कॅसेटवर. खाप्यात व्हिडिओ फक्त डॉक्टरांकडे, आणि तो मोठ्या कॅसेटचा. छोट्या कॅसेटचं मशीन एवढ्या लांब भाड्याने द्यायला कोणी तयार होईना. मोठ्या कॅसेटवर उतरवून घ्यायला दीड तास पुरला असता. पण फोटोग्राफरने फितीच्या सुरुवातीलाच पाटी टाकली होती: नक्कल करण्यास सक्त मनाई. सारं नागपूर असल्या पाट्या नक्कल करता करता वाचत असे. मामांनी मात्र ती देववाणी मानली. फोटोग्राफरकडे ते स्वतः गेले, तर तो म्हणाला, नक्कल मीच करीन, पण छोटीवरच. मोठं मशीन माझ्याकडे नाही.

"अहो मामा, लग्न तुमच्याच मुलीचं आहे ना?" मी ओरडलोच.

"पोरगी माही हाये, पण काम तर त्याचं हाये."

यापुढे माझं काही चालणार नव्हतं. फार वर्षांपूर्वी मामांनी तीन महिने खपून लुगड्याचा एक काठ बसवला होता, आणि कोणीतरी आठ दिवसांत तो जसाच्या तसा पावरलूमवर उतरवला. तेव्हापासून मामा त्या माणसाच्या गल्लीतूनही जात नसत. नक्कल या शब्दानेच त्यांचा चेहरा कडू व्हायचा.

पुढच्या रविवारी गेलो तर मामा लग्नाची छोटी आणि एक कोरी मोठी अशा दोन्ही कॅसेटी स्क्रू काढून उघड्या करून बसलेले, समोर विणकराच्या कांड्यांवर सूत भरायचा जुना चरखा. मलमलीच्या चिंधीतून फीत अलगद सरकत होती. "पन्हा तर एकच हाये!" ते आनंदाने म्हणाले. "अर्धा इंच इकडे, अर्धा इंच तिकडे. मंग भांडण काहून? मी नक्कल नाही करून राहिलो. या कांडीवरचं त्या कांडीवर भरून राहिलो."

पन्हा खरंच एकच होता. पण दोन्ही मशीनं त्या फितीवर वेगवेगळ्या तऱ्हेने लिहितात, हे मी घसा बसेपर्यंत सांगितलं. "धागा तर तोच हाये ना," एवढं बोलून मामा चरखा फिरवत राहिले. मी कपाळावर हात मारला.

खाप्याला डॉक्टरांचा टीव्ही आणि व्हिडिओ आत्याच्या खाटेसमोर मांडला. कॅसेट आत गेली, आणि पडद्यावर काय? तिरप्या रेघा, पांढरे ठिपके आणि भजी तळल्यासारखा आवाज. सांगत होतो ना, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पडद्यावरची नजर न काढता आत्याने विचारलं, "आता काय चालू हाये गा?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. इतका शरमलेला माणूस मी क्वचित पाहिला असेल.

"चित्र नाही आलं वं बाई. माह्यानं चुकलं," ते म्हणाले.

"मंग तू सांग."

आणि मामा खाटेच्या कडेला बसून सांगू लागले. हळद, अंतरपाट, कोण रुसलं, कोणाला दोनदा वाढलं, पोरीच्या शालूचा काठ किती बोटं रुंद. टीव्ही बंद करायचंही कोणाला सुचलं नाही. अडीच वर्षांत एका कॅसेटीचा निर्णय न झालेला हा माणूस तासभर एकदाही अडखळला नाही.

"जाताना रडली का गा?" आत्याने विचारलं.

मामांनी तिच्या पांघरुणाचा काठ चिमटीत धरून चोळला. "तुले शोधून राहिली होती वं," ते म्हणाले.

आत्याने पदर डोळ्यांना लावला. मी खिडकीबाहेर बघू लागलो. मुलीच्या पाठवणीच्या वेळी मी गाडीच्या दाराशीच उभा होतो. ती खरंच मागे वळून वळून कोणाला तरी शोधत होती, आणि उशीर होतोय म्हणून तिला हाताला धरून गाडीत बसवलं होतं ते मीच.