तिसरं कार्ड

आत्या कचेरीत टायपिस्ट होती. लग्न केलं नाही. भाऊ-वहिनी गेले, भाचा नोकरीसाठी लांब गेला आणि घरात ती एकटी उरली. जाताना त्याने मागच्या खोलीत एक मशीन मांडून ठेवलं. उघड्या सांगाड्यावर ओळीने ग्राफिक्स कार्डं आणि सतत घोंघावणारे पंखे. ते म्हणे इंटरनेटवरची नाणी खोदतं. कुठली नाणी, हे आत्याने विचारून पाहिलं, मग नाद सोडला.

त्यातलं तिसरं कार्ड अधूनमधून मान टाकायचं आणि सगळंच ठप्प व्हायचं. नाणी यायची थांबली की भाच्याचा फोन यायचा. तो सांगेल तशी ती लिनक्सच्या काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करायची. मशीन पुन्हा उठेपर्यंत तो बोलत राहायचा: साहेबाची कटकट, बायकोची पाठदुखी. मशीन लवकर उठलं की आत्याला चुटपुट लागायची.

एकदा कार्ड अडलं आणि त्याचा फोनच लागेना. आत्याने खुर्ची ओढली. बाकीच्या कार्डांशी ताडून पाहिल्यावर कळलं, या एकाच्या मेमरीचा वेग झेपणार नाही इतका चढवलेला होता. तिने तो उतरवला, कार्ड सुरळीत चाललं. पण मशीन बंद करून चालू केलं की जुना आकडा परत हजर. सुरू होताना मशीन जी फाइल वाचतं, तिच्यातच तो लिहिलेला होता. दुपारभर खपून तिने ती शोधली आणि आकडा तिथेच बदलला. त्यानंतर मशीन अडलं नाही.

"कमाल केलीस, आत्या," भाचा म्हणाला. "आता तुला माझी गरजच नाही."

ती हसली. फोन यायचे थांबले.

कधीकधी ती कीबोर्डपुढे जाऊन बसायची. आकडा पुन्हा चढवायला कितीसा वेळ लागणार? एकदा तिने तो टाइपही केला. पण जाणूनबुजून चुकीचं लिहायला हात धजेना. पुसून टाकला.

शेवटी तिनेच फोन लावला.

"कुठलं कार्ड गेलं?" त्याने विचारलं.

"सगळी चालू आहेत. सहज केला. तुझी बायको कशी आहे?"

"बरी आहे. आत्या, कामात आहे गं. मग करतो."

त्याने केला, बऱ्याच दिवसांनी. आधी मशीनचं विचारलं, मग घाईघाईने तिच्या गुडघ्याचं. दुखत होती तिची कंबर. आत्याने ते काही सांगितलं नाही. "बरा आहे आता," म्हणाली आणि तो आणखी काही विचारेल म्हणून फोन कानाला धरून थांबली.