डोक्यावरचा पदर

शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टरचा पंखा फिरतच होता. स्ट्रेचरवर माझ्या मोठ्या भावाचा श्वास घरघरत होता. हेलिकॉप्टरमधून आलेल्या सिस्टरच्या निळ्या गणवेशाची चेन गळ्यापर्यंत लावलेली, केस जाळीत, अंगावर सुटं काहीच नाही.

"ताई, सोबत यायचं तर डोक्यावरचा पदर काढून घट्ट खोचा. सुटं कापड पंख्यात ओढलं जातं," त्या वहिनीला म्हणाल्या.

वहिनीने अण्णांकडे पाहिलं. सासऱ्यासमोर तिचा पदर कधीच ढळला नव्हता. दोन्ही नियमच होते, पण त्यातला एक जीव राखणारा होता.

"बघतेस काय पोरी? खोच आणि पळ!" अण्णा ओरडले.

"पळायचं नाही, वाकून चालायचं!" सिस्टर म्हणाल्या.

वहिनी वाकून चालत गेली. दार लागेपर्यंत अण्णा उघड्या डोक्याच्या सुनेला डोळे भरून पाहत राहिले.