फोडणीच्या डागाचा चेहरा

जर्मनीत डार्मश्टाटला आमच्या वरच्या मजल्यावर एक ब्राझिलियन राहायचा. जिना उतरताना तोंडाने हिपहॉपचा ठेका धरायचा आणि कोरी भिंत दिसली की बाजारात बैल पारखावा तसा तिच्यावरून तळहात फिरवायचा. इथल्या नगरपालिकेने त्याला पुलाखालची भिंत चित्रांनी रंगवायला बोलावलं होतं. मोडक्या जर्मनमध्ये सांगायचा, "साओ पावलोत आम्हाला स्प्रेचे डबे परवडायचे नाहीत. सगळे घराच्या रंगावर आणि रोलरवर शिकलो. आता तेच बघायला तुम्ही लोक बोलावता."

घर सोडताना भिंती पांढऱ्या करून द्यायच्या, हा इथला नियम. माझ्या शेगडीमागे तीन वर्षांच्या फोडण्यांचा पिवळा डाग होता. घरमालकीण दुपारी घर ताब्यात घ्यायला येणार होती, म्हणून मी सकाळीच त्याला मदतीला बोलावलं. त्याने रोलर बाजूला ठेवला, खिशातून खडू काढला आणि त्या डागाभोवती टोपी घातलेल्या बाईचा हसरा चेहरा काढला.

"अरे, मालकीणबाई येतील!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत त्याने रोलर उचलला आणि त्या चेहऱ्यावर शांतपणे पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. "रस्त्यावरही कुणीतरी पुसतंच."

मालकिणीने भिंत निरखून सही केली आणि माझा जीव भांड्यात पडला. त्या चेहऱ्याचा फोटो मात्र काढायचा राहिला. माझ्या मोबाईलला तेव्हा कॅमेरा नव्हता.

नव्या घरात फोडणीचा पहिला डाग पडला, तेव्हा फडकं हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो. मग ते ठेवून दिलं आणि खडू शोधू लागलो.