कानातली नवी बाई

साडेसात हे काही माणसाचं नाव नव्हे. पण सकाळी साडेसातला गावच्या छोट्या रेडिओ केंद्रावरून दहा मिनिटं बातम्या वाचणाऱ्या या गृहस्थांना सगळे तेच म्हणायचे, आणि त्यांनाही ते मानवलं होतं. कुठल्या गल्लीत पाणी येणार नाही, कुठला रस्ता खोदलाय, कुणाचं पाकीट सापडलंय, असल्या बातम्या. एकोणीस वर्षांत त्यांनी एकही बातमी आदल्या दिवशी रेकॉर्ड केली नव्हती. आणि त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, हे निम्म्या ऐकणाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

त्यांची रीत अशी. डाव्या कानात इअरफोन, तो मोबाइलला जोडलेला. मोबाइलमधली ‘बाई’, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा यांत्रिक आवाज, कानात बातमी सांगणार आणि तिच्या पाठोपाठ हे माइकवर बोलणार. बाईचा वेग असा की दुसऱ्याला वाटावं कानाशी डास गुणगुणतोय. साडेसातांना मात्र शब्द न् शब्द कळायचा. बोट फिरवलं की पुढची ओळ हजर. एकाच वेळी ऐकायचं आणि बोलायचं! आपली तर दुसऱ्या ओळीला बोबडी वळेल.

त्या रविवारी मोबाइलने स्वतःला अपडेट करून घेतलं आणि सोमवारी घात झाला. बोट फिरवलं, तर दर ओळीआधी कानात दोन सेकंद चिडीचूप. “उद्या दहा ते बारा पाणीपुरवठा” एवढं बोलून साडेसात दोन सेकंद मुके, आणि मग “बंद राहील”. असं सात वेळा झालं. केंद्र बंद पडलं का, असं विचारायला एकाने फोनही केला.

केंद्र चालवणाऱ्या मॅडम त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. त्या हळूच म्हणाल्या, “काका, राग मानू नका. शुक्रवारपर्यंत फोनचं काही जमतंय का बघा. नाहीतर पुढच्या आठवड्यापासून आदल्या दिवशी रेकॉर्ड करू. मधल्या गप्प जागा मी कापून टाकीन, कुणाला कळणारही नाही.”

“मला कळेल ना,” साडेसात म्हणाले.

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माइक चालू झाला की आपण शंभर घरांच्या स्वयंपाकघरांत जाऊन बोलतोय, असं त्यांना रोज वाटायचं, आणि त्या दहा मिनिटांवर उरलेला दिवस चालायचा. डबाबंद आवाज बनायला ते तयार नव्हते.

मग सुरू झाली फोनची मनधरणी. सोमवारी तीनदा बंद करून चालू केला. मंगळवारी ते मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदाराने फोन हातात घेतला न घेतला तोच निदान केलं, “डिस्प्ले गेलाय. नवीन टाकावा लागेल.”

“गेला नाही, मीच काळा ठेवलाय. मला उजेड काय करायचाय? बॅटरी तरी वाचते.”

दुकानदार जरा ओशाळला. पडदा चालू करून त्याने दहा ठिकाणी बोट फिरवलं. “लोण्यासारखा चालतोय की.”

“बघताय कशाला? ऐका.”

त्याने इअरफोन कानाला लावला आणि लगेच काढला. “ही कुठली भाषा?”

“आपलीच. तुमच्या दुकानाचं वाय-फाय जोडू का, विचारतेय.”

दुकानदाराने हात टेकले, पण सल्ला चांगला दिला. अपडेटनंतर एक-दोन दिवस फोनची आतल्या आत आवराआवर चालते, तेवढा धीर धरा आणि जागा रिकामी करा, फोटो फार झालेत.

म्हणून बुधवारी बायको फोटो पुसायला बसली. दोन हजारांवर फोटो. स्वतःचा अंगठा, पंखा, छत, पुन्हा अंगठा. ती हसून हसून बेजार झाली. मग एकदम हसायची थांबली.

“काय झालं?”

“हे माझे आहेत. शिवणयंत्रावर बसलेली मी. डोकं कापलंय सगळ्यांत.”

“आवाजाच्या दिशेने काढतो. यंत्र तुझ्या डोक्यापेक्षा जास्त आवाज करतं.”

तिने मोजले, एकसष्ट होते. त्यातला एकही तिने पुसला नाही. अंगठे मात्र सगळे गेले.

गुरुवारपर्यंत जागा झाली, धीर धरून झाला, फोन ढिम्म. संध्याकाळी चहा घेताना बायकोने सहज इअरफोन कानात घातला. “अहो, ही आपली जुनी नव्हे. ती पत्र्याच्या डब्यातून बोलायची.”

साडेसातांनी कप खाली ठेवला. संशय त्यांना आला नव्हता असं नाही, पण तो त्यांनी जवळ येऊ दिला नव्हता. “अपडेट झाल्यावर विचारलं होतं, नवीन नैसर्गिक आवाज हवा का. मी हो म्हटलं.”

“आणि मला चार तास अंगठे पुसायला बसवलंत?”

“छान बोलते गं. वाक्य संपलं की श्वास घेते.”

“घेणारच. दर ओळीला नटूनथटून बाहेर पडायचं म्हणजे वेळ लागतो.”

तेच खरं होतं. बाईला एवढं माणसासारखं बोलवताना फोनची दमछाक होत होती. साडेसातांनी सेटिंगमध्ये जाऊन जुना आवाज निवडला. बोट फिरवलं, आणि पत्र्याच्या डब्यातली बाई तत्क्षणी खेकसली. त्यांना नवीचं थोडं वाईट वाटलं, पण तोंडावर हसू मावेना.

शुक्रवारी मॅडम काचेपलीकडे येऊन बसल्या. पहिली पाच मिनिटं एक शब्द अडला नाही. मग मॅडमनी बातम्यांच्या यादीत एक नवी ओळ घातली आणि ती थेट त्यांच्या कानात आली. बस स्थानकाजवळच्या सलूनवाल्याचा फोन होता. राखाडी कोट घातलेले एक आजोबा तासभर दुकानात बसलेत, एका पायात बूट नाही, नाव सांगता येत नाही. साडेसातांनी ते त्याच श्वासात वाचलं.

दोन मिनिटांत दुसरी ओळ आली. आजोबांच्या मुलीने फोन केलाय, ती निघाली आहे, पोचायला वीस मिनिटं लागतील. पण आजोबा सारखे दाराकडे जातायत, सलूनवाल्याला आवरत नाहीत. मॅडमनी पुढच्या आठवड्यासाठी करून ठेवलेलं रेकॉर्डिंगचं वेळापत्रक टेबलावरून उचललं आणि टराटर फाडलं.

एकोणीस वर्षांत साडेसातांनी माइकवर स्वतःचं वाक्य कधी घातलं नव्हतं. त्यांनी इअरफोन काढून ठेवला.

“आजोबा,” ते म्हणाले, “सलूनमधल्या रेडिओवरून मी बोलतोय. तुमची मुलगी निघाली आहे. उठू नका, खुर्चीतच बसा. ती येईपर्यंत मी बोलत राहतो.”